सुझान नोएल : बाईच्या बाजूने उभी राहिलेली सर्जन

१९१२ साल. पॅरिसमधल्या एका घरात चौतीस वर्षांची एक बाई आरशापुढे बसून आपल्याच गालाची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरून बघत होती. कानाजवळ जरा मागे ओढली की गालावरची घडी किती सरळ होते, कपाळाच्या कडेला ओढली की डोळ्यांभोवतीच्या सुरकुत्या कुठे पळतात, हे ती मोजत होती. घरातल्या कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, बाईने म्हातारपणाची धास्ती घेतली. पण तसं काही नव्हतं. ही बाई वैद्यकीची विद्यार्थिनी होती. फ्रान्सची लाडकी नटी सारा बर्नहार्ट अमेरिकेच्या दौऱ्यावरून परतली ती चेहरा तरुण करून, अशी बातमी तिने वर्तमानपत्रात वाचली होती. सारा तेव्हा अडुसष्ट वर्षांची होती. बातमी वाचून इतर बायका हळहळल्या असतील, नाहीतर हसल्या असतील. सुझानने मात्र चिमटा आणि मोजपट्टी हातात घेतली. पुढे भूल दिलेल्या सशांवर तिने टाके घालून पाहिले आणि सारा बर्नहार्टच्या चेहऱ्याचं अर्धवट राहिलेलं कामही तिनेच पुरं केलं.

मैत्रिणींनो, सुझान नोएल हे नाव आपल्याकडे घरोघरी माहीत नसलं तरी प्लास्टिक सर्जरीच्या जगात ते फार मोठं आहे. सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या जगातल्या पहिल्या स्त्री सर्जनांमध्ये तिची गणना होते. आता तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय चेहरा ताणून? थांबा जरा. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण परवा एक जाहिरात घेऊन आली. दोन बाळंतपणं, त्यातलं दुसरं सिझेरियन. वजन फार नाही, पण पोट पुढे लोंबतं. साडी नेसली तर झाकतं, पण आता ती दुकानात कामाला जाते, ड्रेस घालावा लागतो. जाहिरातीत लिहिलं होतं, चरबी काढा, पोट सपाट करा. तिच्या जावेच्या बहिणीने म्हणे कातडी कापून पोट शिवून घेतलं होतं. तिचा प्रश्न साधाच होता. नळीने चरबी ओढून घ्यायची, की कातडी कापून ताणून घ्यायची? की गप्प बसायचं? मी बी.ए. मराठीची, डॉक्टर नव्हे. पण आरोग्य शिबिरं भरवता भरवता डॉक्टरांना प्रश्न विचारायची सवय लागली आहे. त्या प्रश्नाचा माग काढताना मला सुझान भेटली आणि वाटलं, आधी तिची गोष्ट सांगावी. मग उत्तर आपोआप समजेल.

सुझानचा जन्म १९ जानेवारी १८७८ रोजी फ्रान्समधल्या लाँ या गावी झाला. माहेरचं आडनाव ग्रो. घर खाऊनपिऊन सुखी. त्या काळच्या रीतीप्रमाणे एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा हेन्री पेर्ता हा त्वचारोगांचा डॉक्टर. तेव्हाच्या फ्रान्सच्या कायद्यात बायकोला नवऱ्याच्या परवानगीवाचून फार काही करता येत नसे. शिकायचं तरी परवानगी, नोकरी करायची तरी परवानगी. युरोपातल्या बायका आपल्यापेक्षा फार पुढे होत्या असं आपल्याला उगीच वाटतं. फ्रान्समध्ये नवऱ्याला न विचारता नोकरी धरण्याचा हक्क बायकोला मिळाला तो १९६५ साली!

सुझानने नवऱ्याची संमती मिळवली आणि १९०५ साली, सत्ताविसाव्या वर्षी, वैद्यकीच्या अभ्यासाला सुरुवात केली. १९०८ मध्ये मुलगी झाली, जॅकलिन. तान्हं मूल आणि शवविच्छेदनाचा अभ्यास एकाच वेळी. तुमच्या-माझ्यापैकी ज्यांनी पोर कडेवर घेऊन बी.एड.ची परीक्षा दिली, त्यांना वेगळं सांगायला नको. हिप्पोलित मोरेस्तँ नावाच्या नामांकित सर्जनच्या हाताखाली तिने काम केलं, मग त्वचारोग विभागात गेली. तिथे तिची आंद्रे नोएल या सहाध्यायाशी ओळख झाली.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. खंदकातून लढणाऱ्या सैनिकांचं डोकंच तेवढं वर दिसायचं, त्यामुळे हजारो तरुणांचे चेहरे फुटले. जबडा गेलेला, नाक गेलेलं, गाल उडालेला. बायको ओळखेना, लेकरं भिऊन रडायची. पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात मोरेस्तँ अशा चेहऱ्यांची डागडुजी करत होता. १९१६ पासून सुझान त्याच्याकडे हे काम शिकली.

इथे एक आपल्या मातीतली गोष्ट सांगते. तुटलेलं नाक कपाळाच्या कातडीने नव्याने बनवायची विद्या युरोपने शिकली ती पुण्याकडून. टिपू सुलतानाच्या सैनिकांनी १७९२ मध्ये इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या गाडीवानाचं नाक कापलं. पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्यांच्या जातीतल्या एका कारागिराने त्याचं नाक पुन्हा बनवलं. १७९४ साली लंडनच्या एका मासिकात ती हकिकत चित्रासकट छापून आली आणि ती वाचून वीस वर्षांनी लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने ती शस्त्रक्रिया केली. त्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, याचं मला वाईट वाटतं. पण त्याच्या हातातली खुबी लक्षात घ्या. त्याने कपाळाची कातडी पूर्ण तोडली नाही. भुवयांमध्ये तिचं एक टोक जोडलेलं ठेवलं आणि ती वळवून खाली आणली. का? तर रक्त त्या टोकातून येत राहावं म्हणून. कातडी म्हणजे काही कापड नव्हे, कात्री मारली आणि शिवलं असं होत नाही. तिला रक्त मिळालं तर ती जगते, नाहीतर काळी पडते. ही एक गोष्ट पक्की धरून ठेवा, पुढे फार कामाची आहे.

युद्ध संपलं, पण सुझानच्या घरात दुःखं ओळीने आली. १९१८ मध्ये पहिला नवरा गेला. दुसऱ्या वर्षी तिने आंद्रे नोएलशी लग्न केलं. १९२२ मध्ये जॅकलिन गेली. एकुलती एक लेक. आंद्रे त्या धक्क्यातून सावरलाच नाही. त्याचं मन आजारी पडलं आणि १९२४ साली त्याने सीन नदीत जीव दिला. सेहेचाळिसाव्या वर्षी सुझान अगदी एकटी उरली. हातात पदवीही नव्हती. शस्त्रक्रिया करत होती, नाव होत होतं, पण प्रबंध राहून गेला होता. त्या काळातच तिने प्रबंध पुरा केला आणि १९२५ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, रीतसर डॉक्टर झाली. राहिलेलं शिक्षण आता कशाला, असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मला हा आकडा सांगावासा वाटतो.

सुझानच्या दवाखान्यात कोण यायचं? श्रीमंत नट्या यायच्याच. पण तिला जास्त काळजी होती ती दुसऱ्या बायकांची. युद्धात नवरा गेलेल्या, पोटासाठी दुकानात, कचेरीत उभ्या राहणाऱ्या बायका. वय चेहऱ्यावर दिसायला लागलं की मालक त्यांना काढून तरुण मुलगी ठेवायचा. पुरुषाचे पिकलेले केस म्हणजे अनुभव आणि बाईचे पिकलेले केस म्हणजे निरुपयोग, हा हिशेब तिथेही होता. सुझानने १९२६ साली एक पुस्तक लिहिलं. सौंदर्यशस्त्रक्रिया आणि तिची सामाजिक भूमिका असा त्याचा विषय. ही शस्त्रक्रिया म्हणजे नखरा नाही, एखाद्या बाईच्या भाकरीचा तो प्रश्न असू शकतो, हे तिने मांडलं. श्रीमंतांकडून ती पुरेपूर फी घ्यायची आणि गरजू बाईवर पैसे न घेता शस्त्रक्रिया करायची.

तिची पद्धतही बाईचा विचार करणारी. पूर्ण भूल द्यायची नाही, तेवढ्या जागेपुरती बधिर करायची. केसांच्या कडेला, कानाजवळ कातडीचे छोटे छोटे काप काढून टाके घालायचे. बाई त्याच दिवशी आपल्या पायांनी घरी जायची. टोपी घातली की टाके दिसायचे नाहीत. आधीचा आणि नंतरचा फोटो ती आवर्जून काढायची. एकदम मोठं काही करण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने जावं, ही तिची रीत. पुढे ती चेहऱ्यापुरती थांबली नाही. ओघळलेले स्तन, पोट, मांड्या, पाय, असं शरीराचा आकार नीट करण्याचं काम तिने हाती घेतलं.

आता ज्या घटनेने सगळं पॅरिस हादरलं, ती सांगते. दुजारिए नावाचा एक प्रतिष्ठित सर्जन होता. कुठला वैदू नव्हे, चांगला शिकलेला. एका तरुण मुलीने त्याच्याकडे पाय बारीक करून मागितले. त्या काळात बायकांचे झगे गुडघ्यापर्यंत आले होते, पाय दिसायला लागले होते. त्याने शस्त्रक्रिया केली. पायाचा रक्तपुरवठा बिघडला, पाय सडू लागला आणि शेवटी तो कापावा लागला. आजार कुठलाच नव्हता. धडधाकट पाय, फक्त जाड वाटत होता म्हणून गेला. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९२९ साली कोर्टाने सर्जनला मोठी भरपाई द्यायला लावली. निव्वळ दिसण्यासाठी निरोगी शरीरावर सुरी चालवावी का, यावर देशभर वाद पेटला. पुण्याच्या कारागिराला जे कळलं होतं तेच इथे निसटलं होतं. चरबी असो की कातडी, रक्तवाहिन्यांना धक्का लागला की खेळ संपला. सुझान त्याच शहरात तेच काम करत होती आणि तिचा जपून, थोडं थोडं करण्याचा आग्रह किती शहाणपणाचा होता हे यावरून कळतं.

त्या काळी चरबी काढायची तर कापूनच काढावी लागे, दुसरा उपाय नव्हता. पोटावरची जादा कातडी आणि चरबी कापून काढण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत बाल्टिमोरच्या हॉवर्ड केली यांनी १८९९ मध्येच केली होती. नळीने चरबी ओढून घेण्याची युक्ती फार उशिरा आली. इटलीतल्या फिशर पितापुत्रांनी १९७०च्या दशकात सुरुवात केली आणि पॅरिसच्याच इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ मध्ये बोथट तोंडाच्या नळीची पद्धत आणली. एका तरुण नटीच्या पाठीवर चरबीची गाठ होती आणि तिला मोठा व्रण नको होता. बोथट नळी अशासाठी, की चरबी निघावी पण नसा आणि रक्तवाहिन्या शक्यतो तुटू नयेत. पुढे १९८०च्या दशकात अमेरिकेतले डॉ. जेफ्री क्लाइन यांनी सलाईनमध्ये भुलीचं आणि रक्तवाहिन्या आकसवणारं औषध मिसळून ते चरबीत सोडण्याची रीत काढली. त्यामुळे रक्तस्राव खूप कमी झाला. हेच आजचं लायपोसक्शन. सुझानला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण हे सगळं बघायला तिला नक्की आवडलं असतं.

तर आता आपल्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येऊ. सुझानची चिमटी आठवा. आरशापुढे उभं राहून पोटावरचा भाग चिमटीत धरा. हातात काय येतं?

जाड, गुबगुबीत वळी येते आणि कातडी वरून घट्ट, सोडली की लगेच जागेवर जाते? मग प्रश्न चरबीचा आहे. तिथे लायपोसक्शनचा विचार होऊ शकतो. दोन-चार बारीक छिद्रं, आत नळी, चरबी बाहेर. व्रण अगदी छोटे. पण कातडी स्वतःहून आकसली पाहिजे, ही त्यातली अट आहे. गादीतला कापूस काढला तर खोळ सैल होते ना, तसंच. खोळ लवचीक असेल तर बसते, नसेल तर सुरकुतते.

पातळ, सैल, कापडासारखी कातडी हातात येते, तिच्यावर बाळंतपणाचे पांढरे चरे आहेत, वाकलं की लोंबते? मग प्रश्न कातडीचा आहे. तिथे नळी काही कामाची नाही, उलट आतली चरबी गेल्यावर कातडी आणखी लोंबेल. अशा ठिकाणी कातडी कापून ताणून घेणारी शस्त्रक्रिया लागते. पोटाची असेल तर तिला अॅबडॉमिनोप्लास्टी किंवा टमी टक म्हणतात. ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत काप जातो, बेंबी नव्या जागी बसवावी लागते. व्रण कपड्याखाली झाकतो, पण तो जन्मभर राहतो. ज्यांनी खूप वजन उतरवलं आहे त्यांच्या पोटाची, दंडांची, मांड्यांची कातडी लोंबते. त्यांनाही अशीच शस्त्रक्रिया लागते.

तिसरी गोष्ट स्नायूंची. उताणं झोपून डोकं वर उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा वर येतो का? बाळंतपणात पोटाचे दोन उभे स्नायू एकमेकांपासून लांब जातात आणि काहींचे पुन्हा जवळ येत नाहीत. नेमक्या व्यायामाने पुष्कळदा फरक पडतो, त्यासाठी आधी फिजिओथेरपिस्टला भेटा. फार अंतर असेल तर टमी टकमध्ये ते स्नायू शिवून जवळ आणता येतात. लायपोसक्शनने ते होत नाही. बेंबीपाशी हर्निया तर नाही ना, हेही तपासून घ्या.

आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची. पोट मोठं आहे, पण टणक आहे, चिमटीत फारसं काही येतच नाही? मग चरबी आत, आतड्यांभोवती साठली आहे. तिला नळी पोचत नाही आणि सुरीही. तिथे चालणं, जेवण सुधारणं आणि साखर, रक्तदाब तपासणं हाच उपाय. लायपोसक्शन ही वजन उतरवायची शस्त्रक्रिया नव्हेच, हे कुठलाही सच्चा डॉक्टर तुम्हाला पहिल्या भेटीत सांगेल. ज्यांची चरबीही जास्त आहे आणि कातडीही सैल आहे त्यांच्यावर कधी कधी दोन्ही एकत्र करतात, पण मग शस्त्रक्रिया मोठी होते आणि जोखीमही वाढते. ही चिमटी म्हणजे फक्त प्रश्न समजून घेण्यासाठी आहे हं, निदान डॉक्टरच करणार.

आता घरचा हिशेब. लायपोसक्शननंतर काही आठवडे घट्ट पट्टा किंवा घट्ट कपडा घालावा लागतो आणि सूज पूर्ण उतरायला काही महिने लागतात. टमी टक त्याहून जड. पहिले काही दिवस वाकून चालावं लागतं, निचऱ्याची नळी असू शकते आणि साधारण सहा आठवडे जड उचलायचं नाही. म्हणजे पाण्याची कळशी नाही, सिलिंडर सरकवायचा नाही, मूल कडेवर नाही. घरात तेवढे दिवस कोण करणार, हे आधी ठरवा. नाहीतर टाके ओले असताना तुम्हीच पोळ्या लाटायला उभ्या राहाल, मला माहीत आहे ना! अजून मूल हवं असेल तर टमी टक नकोच, कारण पुढच्या गरोदरपणात सगळं पुन्हा ताणलं जाईल. बाळंतपणानंतर शरीराला सावरायला निदान सहा महिने द्या, अंगावर पाजणं संपू द्या, वजन काही महिने एका जागी स्थिर राहू द्या.

मिश्री लावणाऱ्या बहिणींना हात जोडून सांगते. मिश्रीतही तंबाखूच आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणलेल्या कातडीला रक्त मिळत नाही. जखम उसवते, कड काळी पडते. शस्त्रक्रियेच्या आधी निदान चार आठवडे आणि नंतरही ती बंद हवी. डॉक्टरांपासून लपवू नका. घरात सांगायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना एकटीने भेटा, पण सांगा. मधुमेह, कमी हिमोग्लोबिन, गर्भनिरोधक गोळ्या, हेही सगळं सांगायचं. शस्त्रक्रियेनंतर पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर उद्या बघू म्हणायचं नाही, ताबडतोब रुग्णालय गाठायचं. पायात झालेली रक्ताची गाठ फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतते.

आणि सर्जन कोण, हे विचारायला लाजू नका. एम.एस.नंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डीएनबी केलंय का, शस्त्रक्रिया कुठे होणार, भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर आयसीयू आहे का. कांदे-बटाटे घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो. आपल्या पोटावर सुरी चालणार, तेव्हा चार प्रश्न विचारायला काय हरकत आहे?

पण सुझानची गोष्ट सुरीवर संपत नाही. बाईला मत देण्याचा हक्क नाही तर बाईने कर तरी का भरावा, असं म्हणत ती बायकांना कर न भरण्याचं आवाहन करायची. १९२४ साली, म्हणजे नवरा गेला त्याच वर्षी, तिने पॅरिसमध्ये सोरॉप्टिमिस्ट ही कमावत्या बायकांची संघटना उभी करायला पुढाकार घेतला. मग देशोदेशी फिरून तिचे क्लब काढले आणि १९३० मध्ये युरोपच्या महासंघाची पहिली अध्यक्ष झाली. जिथे व्याख्यानाला जायची तिथे शस्त्रक्रियेवरही बोलायची आणि बायकांच्या हक्कांवरही. तिच्या लेखी ही दोन वेगळी कामं नव्हतीच. आज आपल्या मुंबई-पुण्यातही या संघटनेचे क्लब आहेत. १९२८ मध्ये फ्रान्सने तिला लीजन ऑफ ऑनर हा मोठा सन्मान दिला. मताचा हक्क मात्र फ्रेंच बायकांना १९४४ मध्ये मिळाला, तेव्हा ती सहासष्ट वर्षांची होती.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिस ताब्यात घेतलं, तेव्हा तिने आपल्या हातातली कला वेगळ्याच कामाला लावली. गेस्टापो ज्यांच्या मागावर होते अशा ज्यूंचे आणि भूमिगत कार्यकर्त्यांचे चेहरे ती ओळखू येणार नाहीत असे बदलून द्यायची. पकडली गेली असती तर काय झालं असतं, याची कल्पना करा. युद्ध संपल्यावर छळछावण्यांतून जिवंत परतलेल्यांच्या अंगावरच्या खुणा तिने पुसून दिल्या. ज्या शस्त्रक्रियेला लोक थिल्लर म्हणायचे, तिनेच माणसांचे जीव वाचवले. ११ नोव्हेंबर १९५४ रोजी, शहात्तराव्या वर्षी, सुझान गेली. २०१८ मध्ये फ्रान्सच्या टपाल खात्याने तिचं तिकीट काढलं.

मला तिच्या आयुष्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं. तिने कुठल्याही बाईला तू कुरूप आहेस असं सांगून शस्त्रक्रियेला बोलावलं नाही आणि नटवी म्हणून परतही पाठवलं नाही. बाई काय काम करते, तिला नेमकं काय सलतं, हे तिने आधी पाहिलं. आपणही तेच करू या. नवरा टोमणे मारतो म्हणून, लग्नाच्या फोटोत बारीक दिसायचं म्हणून, जाहिरातीतल्या बाईसारखं व्हायचं म्हणून कुणी पोटावर सुरी चालवून घेऊ नये. पण कातडीच्या घडीत सतत चिघळतं, पुरळ उठतं, कामावर वावरताना संकोच वाटतो, आणि सगळं समजून घेऊन एखादीने ठरवलं, तर तिला हसूही नये. आमची मैत्रीण फिजिओथेरपिस्टकडे जाऊन आली. तिचे स्नायू लांब गेलेत, कातडीही सैल आहे, म्हणजे नुसत्या नळीने तिचं काही झालं नसतं. सहा महिने व्यायाम करून बघायचं आणि मग प्लास्टिक सर्जनला दाखवायचं, असं तिने ठरवलंय. पैसे साठवायला तेवढा वेळ मिळेल, असंही म्हणाली. जाहिरात तिने रद्दीत टाकली आणि डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी मात्र गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे, पुढच्या बाईला उपयोगी पडावी म्हणून.